कुत्र्याच्या रक्तातली चरबी: हार्ट नाही, स्वादुपिंड सांभाळा

ऑफिसला जाताना, भांडी घासताना किंवा कुत्र्याला फिरवताना ऐकत असाल, तर खास स्वागत. कारण आजचा भाग त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जो आहे ना, त्याच्यासाठीच आहे. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवातीलाच सांगते, मी व्हेट नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेलं वर्षभर आमच्या घरात एका आकड्याभोवती सगळं फिरतंय: ट्रायग्लिसराइड. आणि तो आकडा आई-बाबांचा नाही, कुत्रीचा आहे. त्यामुळे डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पिशव्यांवरची बारीक अक्षरं तपासून जे कळलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

माणसाचा चष्मा काढून ठेवा

आपल्या घरात कुणाचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की काय होतं? सगळ्यांची नजर आधी कोलेस्टेरॉलवर. मग एलडीएल. मग कुणीतरी म्हणतं, "तेल कमी करा, हार्टला बरं नाही." चरबी म्हणजे हृदय, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुत्र्याच्या रक्तात चरबी वाढली असं कळलं, तरी पहिला प्रश्न तोच येतो: त्याला अटॅक येईल का?

बहुतेक वेळा उत्तर आहे, नाही. कुत्र्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉलची ने-आण मुख्यतः एचडीएल करतं, ज्याला आपण 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतो. माणसासारख्या रक्तवाहिन्या आतून चरबीने चोंदणं कुत्र्यांमध्ये क्वचितच दिसतं, आणि दिसलंच तर बहुधा थायरॉइड कमी असलेल्या किंवा डायबेटिस असलेल्या कुत्र्यांमध्ये.

हे ऐकून बरेच जण सुस्कारा सोडतात. "मग काय, खाऊ दे की बिचाऱ्याला." गडबड इथेच होते. कुत्र्याच्या बाबतीत बघायचा आकडा कोलेस्टेरॉलपेक्षा ट्रायग्लिसराइडचा असतो. आणि ज्या अवयवाची काळजी करायची तो हृदय नाही, स्वादुपिंड आहे. आजच्या भागातून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

स्वादुपिंड: घरातलं ॲसिडचं कपाट

स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रिया. जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या कुशीत बसलेला हा अवयव. कामं दोन. एक म्हणजे इन्सुलिनसारखी हार्मोन्स बनवणं. दुसरं म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम्स बनवून आतड्यात पाठवणं.

थोडं थांबून एक सांगते. या अवयवाबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंच कुत्र्यांच्या जिवावर कळलं. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला. त्यातून कळलं की साखरेचा संबंध या अवयवाशी आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करत इन्सुलिनपर्यंत मजल मारली. आज आपल्या घरातले किती आजी-आजोबा त्या इन्सुलिनवर आहेत! त्यामुळे त्यांच्या स्वादुपिंडाची थोडी माहिती करून घेणं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

तर, ही एन्झाइम्स मांस पचवू शकतात, चरबी फोडू शकतात. मग ज्या पेशीत ती बनतात त्या पेशीलाच ती का पचवत नाहीत? कारण ती 'बंद' अवस्थेत बनतात. उदाहरणार्थ ट्रिप्सिनोजेन. ते आतड्यात पोचतं, तिथे दुसरं एक एन्झाइम त्याचं ट्रिप्सिन करतं, आणि मग ते ट्रिप्सिन बाकीच्यांना चालू करतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड सर्व्हरवर गेल्यावरच रन व्हायला हवा.

पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. यात ही एन्झाइम्स वेळेआधी, स्वादुपिंडाच्या आतच चालू होतात आणि तो अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. सूज येते, प्रचंड दुखतं, आणि गंभीर केसमध्ये दाह पूर्ण शरीरभर पसरतो. काही कुत्री दोन दिवसांत सावरतात. काही सावरत नाहीत. काहींना तो पुन्हा पुन्हा होत राहतो, आणि स्वादुपिंडाचा बराच भाग निकामी झाला की पुढे डायबेटिस होऊ शकतो किंवा अन्न पचेनासं होतं.

दुधासारखं रक्त

आता चरबीचा संबंध. जेवणातली चरबी आतड्यातून शोषली जाते तेव्हा तिचे छोटे छोटे पॅकेट बनतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. ते रक्तात फिरतात, आणि लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम त्यातले ट्रायग्लिसराइड फोडून पेशींना देतं. जेवल्यावर काही तास रक्तात चरबी जास्त असणं अगदी नॉर्मल. पण बारा तास उपाशी ठेवल्यावरही ती तशीच असेल, तर पॅकेट उचलणारी यंत्रणा कुठेतरी अडकलीय.

अशा कुत्र्याचं रक्त काढून ट्यूब थोडा वेळ ठेवली की वरचा भाग, म्हणजे सीरम, पारदर्शक दिसायच्या ऐवजी दुधासारखा पांढरा दिसतो. लॅबची बरीच मशिन्स नमुन्यातून प्रकाश सोडून मोजमाप करतात. त्यामुळे या गढूळ सीरममध्ये बाकीचे काही आकडेही चुकीचे येऊ शकतात. डॉक्टर "उपाशीपोटी परत आणा" म्हणतात ते यासाठी. ते बिल वाढवायला सांगतात असं समजू नका.

हे जास्तीचे ट्रायग्लिसराइड स्वादुपिंडाला कसा त्रास देतात? मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: स्वादुपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये तिथलंच लायपेज या चरबीला फोडतं, मोकळी फॅटी ॲसिड्स खूप प्रमाणात तयार होतात, आणि ती आजूबाजूच्या पेशींना इजा करतात. एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक पॅन्क्रियाटायटिस चरबीमुळे होत नाही. बहुतेक केसमध्ये नेमकं कारण सापडतच नाही, आणि कधी कधी आजारामुळेच चरबी थोडी वाढते. पण जिथे आकडा खूप वर असतो तिथे धोकाही वर असतो, आणि हा धोका असा आहे की जो आपल्या हातात आहे.

सगळ्यात बदनाम जात म्हणजे मिनिएचर श्नाउझर. तीच ती, आजोबांसारख्या दाढी-मिशांची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९२ निरोगी दिसणाऱ्या श्नाउझरांचं रक्त तपासलं, तर जवळजवळ एक तृतीयांश जणांचे ट्रायग्लिसराइड जास्त निघाले. निरोगी दिसणाऱ्या, हं! वय वाढेल तसं हे प्रमाण वाढत जातं. बीगल आणि शेल्टीमध्येही रक्तातली चरबी वाढण्याची प्रवृत्ती दिसते. बाकी कुठल्याही जातीत, आपल्या इंडीमध्येसुद्धा, थायरॉइड कमी असणं, डायबेटिस, कुशिंग्ज नावाचा हार्मोनचा आजार, लठ्ठपणा किंवा स्टेरॉइडची औषधं यामुळे आकडा वाढू शकतो. म्हणून आकडा जास्त आला की आधी ही कारणं शोधायची.

बुंदीचा ७१२

आमच्या घरी बुंदी आहे. मिनिएचर श्नाउझर, सहा वर्षांची, वजन आठ किलो. मागच्या वर्षी दात साफ करून घ्यायचे होते, त्यासाठी भूल द्यायची म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरांनी ट्यूब उजेडासमोर धरली आणि आईला म्हणाले, "काकू, हे बघा, ताक." चौदा तासांचा उपास असूनही ट्रायग्लिसराइड ७१२. लॅबनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण १५० च्या आत असायला हवं, आणि ५०० च्या वर सतत राहिलं तर डॉक्टर गांभीर्याने घेतात. थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल. म्हणजे जातीचाच गुण.

आणि बुंदी? एकदम मजेत. उड्या मारतेय, बेल वाजली की भुंकतेय. अडचण तीच आहे. हा आकडा काही न बोलता वर्षानुवर्षं वर राहू शकतो, आणि मग एखाद्या रविवारी कुणीतरी मटणाच्या रश्शातली चरबी भातात कालवून देतं.

बाबांचा पहिला प्रश्न होता, "मी घेतो ती कोलेस्टेरॉलची गोळी हिला अर्धी करून देऊ का?" डॉक्टर म्हणाले, "काका, अजिबात नाही. तुमची गोळी मुख्यतः कोलेस्टेरॉलसाठी, हिचा प्रश्न ट्रायग्लिसराइडचा. आणि हिचं पहिलं औषध तुमच्या ताटात आहे." आहार बदलून भागलं नाही तर फिश ऑइल किंवा फायब्रेट गटातली औषधं देतात, पण ती डॉक्टरांनी डोस ठरवून.

चमचाभर तूप म्हणजे किती?

आता माझ्या आवडीचा भाग. हिशोब.

आठ किलोच्या, बेताच्या हालचालीच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५३० किलोकॅलरी लागतात. कमी चरबीचा आहार म्हणजे दर १००० किलोकॅलरीमागे साधारण २० ते २५ ग्रॅमपेक्षा कमी चरबी. म्हणजे बुंदीचा दिवसभराचा चरबीचा कोटा झाला ११ ते १३ ग्रॅम.

तुपाचे तीन छोटे चमचे म्हणजे साधारण १३ ग्रॅम चरबी. संपला दिवसाचा कोटा! आणि अजून तिने तिचं जेवण खाल्लेलंच नाही. पन्नास ग्रॅम पनीर? दहा ग्रॅमच्या वर. अंड्याचा एक पिवळा बलक? पाच ग्रॅमच्या आसपास. आपल्या साठ-सत्तर किलोच्या शरीराला जे 'एवढंसं' वाटतं, ते आठ किलोच्या शरीराला एवढंसं नसतं.

दुसरा हिशोब पिशवीवरचा. इथे भले भले फसतात. समजा कोरड्या फूडवर लिहिलंय फॅट १२ टक्के, आणि ओल्या फूडच्या पाऊचवर ४ टक्के. कमी चरबीचं कुठलं? सगळे म्हणतील पाऊच. थांबा. पाऊचमध्ये बहुतेक पाणी असतं. तुलना वजनावर करायची नाही, कॅलरीवर करायची.

कोरडं फूड: किलोमागे १२० ग्रॅम चरबी, आणि किलोमागे समजा ३५०० किलोकॅलरी. १२० भागिले ३.५, म्हणजे दर हजार कॅलरीमागे ३४ ग्रॅम.

पाऊच: किलोमागे ४० ग्रॅम चरबी, आणि किलोमागे समजा ९०० किलोकॅलरी. ४० भागिले ०.९, म्हणजे ४४ ग्रॅम.

चार टक्केवालं पाऊच बारा टक्केवाल्या पिशवीपेक्षा जास्त चरबीचं निघालं. आणि बुंदीसाठी दोन्ही नापास. अजून एक: लेबलवर 'क्रूड फॅट, मिनिमम' लिहिलेलं असतं. म्हणजे किमान एवढी. प्रत्यक्षात जास्तही असू शकते. कंपनीच्या कस्टमर केअरला 'दर हजार किलोकॅलरीमागे सरासरी फॅट किती' असं सरळ विचारा.

घरचं शिजवून घालत असाल तर कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट, अंड्याचा पांढरा भाग, भात, दुधी, गाजर, लाल भोपळा यांत चरबी कमी. पण नुसत्या चिकन-भातावर महिनोन्‌महिने कुत्रं ठेवलं तर कॅल्शियम आणि बाकी बरंच कमी पडतं, म्हणून मेनू डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि उलट बाजूही ऐका: निरोगी पिल्लाला चरबी लागते. हे ऐकून उद्यापासून सगळ्यांनी आपापल्या कुत्र्याची चरबी बंद करायची नाहीये.

हे दिसलं की वाट बघायची नाही

आता लक्षणं. उलट्या, विशेषतः पुन्हा पुन्हा होणाऱ्या. खाण्याकडे पाठ. मरगळ. जुलाब. पोटाला हात लावला की आक्रसणं, कण्हणं. आणि एक ठरावीक पोझ: पुढचे पाय आणि छाती जमिनीला, मागचा भाग वर. योगातलं अधोमुख श्वानासन डोळ्यांसमोर आणा. खेळायला बोलावतानाही कुत्री असंच करतात, पण तेव्हा शेपूट हलत असते आणि पुढच्या क्षणी उडी असते. पोट दुखताना ते पुन्हा पुन्हा तसंच करतं, चेहरा उतरलेला असतो.

काही कुत्र्यांमध्ये, खासकरून जुनाट आजारात, एवढं ठळक काही दिसत नाही. एक-दोन वेळा जेवण सोडणं, अधूनमधून उलटी. "सवयच आहे त्याला" असं म्हणून सोडून दिलं जातं. आधीच चरबीचा आकडा जास्त असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत असं म्हणू नका.

घरातली पेनकिलर अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे, पॅरासिटामॉलही धोक्याचं. दोन-तीन उलट्या झाल्या, कुत्रं पाणीही ठेवत नाहीये, तर उद्या सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि गेल्या दोन दिवसांत त्याने काय काय खाल्लं ते खरं खरं सांगा. कचऱ्याच्या डब्यातलं धरून. २००८ मधल्या एका अभ्यासात कचऱ्यातलं खाणं, ताटातलं उरलंसुरलं आणि नेहमीपेक्षा वेगळं काही खाणं या गोष्टी पॅन्क्रियाटायटिस झालेल्या कुत्र्यांमध्ये जास्त आढळल्या होत्या. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवलं तर निदानाला उशीर होतो.

तिथे काय होतं? जुन्या अमायलेज-लायपेज टेस्टवर एकट्यावर विसंबता येत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडातलंच लायपेज मोजणारी खास टेस्ट असते. तिचं झटपट किटही असतं, प्रेग्नन्सी किटसारखं. ते निगेटिव्ह आलं तर पॅन्क्रियाटायटिसची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह आलं तर मात्र खात्रीसाठी पुढची टेस्ट आणि पोटाची सोनोग्राफी. उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन, दुखणं कमी करणं आणि उलट्या थांबवणं. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून दिवसेंदिवस उपाशी ठेवायचे. आता उलट्या आटोक्यात आल्या की लवकरात लवकर, थोडं थोडं, कमी चरबीचं अन्न सुरू करतात.

घास

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. हिशोब मी एका संध्याकाळी केला. घर वळवायला दोन महिने लागले.

कारण आपल्याकडे कुत्र्याला घास काढून ठेवणं हे फक्त खायला घालणं नसतं. बाबा रिटायर झाल्यापासून रोज रात्री नऊला त्यांच्या ताटातला तूप लावलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा बुंदीचा. ती ताटाशेजारी येऊन बसते, ते तिच्याशी गप्पा मारतात. त्यांना "बंद करा" म्हणणं म्हणजे त्या दहा मिनिटांवरच घाला घालणं. आम्ही घास बंद केला नाही, घासातलं बदललं. आई त्या तुकड्यापुरता एक छोटा फुलका कोरडा ठेवते. कधी काकडी, कधी उकडलेलं गाजर. बुंदीला तूप हवं होतं की बाबा, हे आम्हाला चार दिवसांत कळलं. ती तितक्याच उत्साहाने येऊन बसते.

पाहुण्यांसाठी डब्यात गाजराचे तुकडे काढून ठेवलेत: "द्यायचंय ना? यातलं द्या." गोळ्या लोण्यात किंवा चीजमध्ये लपवून देण्याऐवजी भोपळ्याच्या लगद्यात. दिवाळीत फराळाचे डबे वरच्या फळीवर. गटारीला कचऱ्याची पिशवी तेव्हाच्या तेव्हा खाली. मटणाच्या उरलेल्या रश्शात चरबी तर असतेच, शिवाय कांदा-लसूण, आणि ते दोन्ही कुत्र्यांना विषारी.

आठ आठवड्यांनी पुन्हा उपाशीपोटी रक्त दिलं. ३४०. नॉर्मल नाही, पण डॉक्टर म्हणाले की या जातीत ५०० च्या आत ठेवलं तरी मोठं काम झालं. दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. हा आजार बरा होऊन फाइल बंद होणारा नाही, सांभाळत राहायचा आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी लसीसाठी किंवा कशासाठीही व्हेटकडे जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. माझ्या कुत्र्याच्या जातीत चरबीचा त्रास असतो का? उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड तपासायला हवेत का? आणि याच्या वजनाला दिवसाला किती ग्रॅम चरबी चालेल? तिसऱ्याचं उत्तर फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं. श्नाउझर असेल तर दुसरा प्रश्न टाळूच नका, कुत्रं कितीही उड्या मारत असलं तरी.

आणि हा भाग घरातल्या त्या व्यक्तीला नक्की पाठवा, जी टेबलाखालून हळूच काहीतरी सरकवते. प्रत्येक घरात एक असतेच. तुमचे प्रश्न, तुमच्या पिशव्यांवरचे आकडे पाठवा, हिशोब आपण मिळून करू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि डब्याचं झाकण घट्ट लावा!